हरूभाऊंचा लेझर आणि माझा होकार

पालघरच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो. मागून कुणीतरी म्हणालं, “केळव्याचे राऊत गेले, कळलं का? ते मोजमापवाले.” वळून पाहिलं तर आमच्या जुन्या कारखान्यातला एक फिटर. पहाटे गेले, दुपारी नेणार आहेत, एवढं सांगून तो पुढे निघून गेला. मी मेथी घेतली, मिरच्या घेतल्या, घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि मग केळव्याची एसटी धरली. रडू आलं नाही. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच्याही आधी जे वाटलं ते म्हणजे, चला, सुटलो… हे लिहायला बरं वाटत नाही. पण हरेश्वर राऊतांवर लिहायला बसायचं आणि आकडा गोल करायचा, हे त्यांना मुळीच चाललं नसतं.

त्याआधी दोन आठवडे मी त्यांना दवाखान्यात भेटलो होतो. पोटात पाणी झालं होतं, हातापायांच्या काड्या. मी घरून ठरवून निघालो होतो की आज सांगायचंच. पाऊण तास बसलो. सुपारीला यंदा भाव कसा आहे ते बोललो, मुलाच्या बदलीचं बोललो. त्यांनी मला विचारलं, “तुज्या त्या मापाच्या खोलीचा एसी आता नीट चालतो का रे?” मी म्हटलं, चालतो. “मंग बरं हाय,” म्हणाले आणि डोळे मिटले. दोनदा मी खाकरलो, तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर नर्स सलाईन बदलायला आली. मी उठलो. जिन्यात आल्यावर हायसं वाटलं, अगदी शाळेत गृहपाठ तपासायच्या आत घंटा झाल्यावर वाटतं तसं.

सांगायचं होतं ते एवढंच. आठ वर्षांपूर्वी ज्या चुकीपायी हरूभाऊंची मापनाची खोली गेली, नाव गेलं, ती चूक त्यांची नव्हती. माझी होती. ती उघडकीला आली त्या दिवशी, त्याच खोलीत, सगळ्यांच्या देखत मला कळली होती आणि मी मूग गिळून बसलो होतो. वाचकाला हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगाच गैरसमज व्हायचा नाही.

आमची गाठ पडली ती आणीबाणी उठली त्या सुमारास. बोईसरला तेव्हा शेडमागून शेड उभ्या राहत होत्या, पण मधे मधे भातखाचरं तशीच होती. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की बगळे उडायचे. गेज बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मदतनीस म्हणून लागलो. गेज म्हणजे मोजायची मापं. दुकानात वजनं असतात तशी कारखान्यात लांबीची मापं असतात, आणि ती मापं खरी आहेत की नाही हे तपासणारी एक बंद खोली असते. त्या खोलीचे धनी हरूभाऊ. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे, केळव्याच्या वाडीतले, पानवेली आणि सुपारीत वाढलेले, बुटके, कायम पांढरा सदरा. पहिल्या दिवशी त्यांनी पोलादाचा एक चकचकीत ठोकळा माझ्या तळहातावर ठेवला. “मूठ मिट,” म्हणाले. मिटली. मग तो ठोकळा कागदात गुंडाळून कपाटात टाकला आणि मला खोलीबाहेर काम दिलं. चार दिवसांनी पुडी उघडली. ठोकळ्यावर माझी बोटं गंजून उमटली होती, एकूण एक.

“घामट हायस रे तू,” हरूभाऊ म्हणाले. “तुज्या हातात समुद्रच हाय.”

मी वाद घातला. म्हटलं, हा इथल्या खाऱ्या हवेचा गंज आहे, माझ्या घामाचा नाही. त्यांनी ठोकळा माझ्या नाकासमोर धरला. “हवेला बोटं असतात का रे, वकिला?” तेव्हापासून मी वकील झालो तो कायमचा. काही माणसांच्या घामाने पोलाद गंजतं, त्यांना मापनाच्या खोलीत घेत नाहीत, हा त्या धंद्यातला जुना रिवाज आहे. दुसरा कुणी असता तर मला हाकललं असतं. हरूभाऊंनी मला सुती हातमोजे आणून दिले आणि ठेवून घेतलं. पुढे पंधरा-सोळा वर्षं, दुसरीकडे नोकरीला गेल्यावरही, मी मोज्यांशिवाय त्या खोलीत कशालाच हात लावला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या मोज्यांनीच घात केला. पण ते नंतर.

त्यांची कामाची रीत म्हणजे थांबण्याची रीत. बाहेरून आलेलं माप तासन् तास खोलीत नुसतं पडू द्यायचे. आधी ते थंड होऊ दे, खोलीसारखं होऊ दे, मग मोज. “गरम हातानं मोजशील त तू तुजा हातच मोजशील,” हे त्यांचं ठरलेलं. रेल्वेचा रूळ लांब नव्हता. मालगाडी गेली की भिंगात दिसणाऱ्या उजेड-काळोखाच्या रेघा थरथरायच्या, म्हणून आम्ही दोन गाड्यांच्या मधे मोजायचो आणि वेळापत्रक स्टेशन मास्तरपेक्षा आम्हाला जास्त पाठ होतं. दसऱ्याला सगळ्या मशिनींना हळदकुंकू, झेंडूची माळ. या खोलीची पूजा मात्र दाराबाहेर. उदबत्तीचा धूर आत नको. एकदा शेठच्या मेहुण्याने भक्तिभावाने नारळ आत फोडायला घेतला तर हरूभाऊंनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि मग बाहेर येऊन स्वतःच नारळ फोडून त्याला खोबरं दिलं. आकडा गोल केलेला दिसला की मात्र त्यांची तळपायाची आग मस्तकात जायची. मी एकदा शेवटचा आकडा सोडून दिला होता. त्यांनी कागद चार तुकडे करून माझ्या खिशात कोंबला. “हा आकडा तुज्या बापाचा हाय काय सोडून द्यायला?” मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातला बोंबील माझ्या पोळीवर ठेवला आणि भांडण मिटलं.

ऐंशी साल उलटून गेल्यावर आमच्याकडे लेझर आला. लाल उजेडाची बारीक काडी सोडणारी, कंदिलाच्या काचेपेक्षा लांब अशी एक नळी, पेटीत बसवलेली. पोलादाचं माप आज ना उद्या झिजतं, गंजतं. पण त्या उजेडाच्या लाटांची लांबी पक्की असते, म्हणून त्या लाटा मोजून लांबी काढायची, असं ते प्रकरण. फक्त ती पक्की राहायला लेझर एका जागी स्थिर ठेवावा लागतो, नाहीतर नळी तापली-निवली की तोही सरकतो. हरूभाऊंनी ते सगळं पुस्तकं वाचून, मुंबईला फेऱ्या मारून शिकून घेतलं. कामगारांमध्ये उठलं होतं की राऊतांकडे असा उजेड आला आहे की तो गुडघ्यावर सोडला तर संधिवात जातो. दोन बायका तर खरंच गुडघे घेऊन आल्या. हरूभाऊंनी त्यांना खुर्चीवर बसवून चहा पाजला आणि सांगितलं, “बाय, ह्यानं गुडघा बरा नाय व्हत. गुडघा किती लांब हाय तेवढं कळंल.”

दोन-तीन वर्षांनी मला रस्त्यापलीकडच्या कारखान्याने बोलावलं. तिथे नवी मापनखोली होणार होती, नवा लेझर येणार होता आणि खोलीचा प्रमुख मी. हरूभाऊंनीच मला ढकललं. “जा रे. हितं माज्या हाताखाली किती दिवस राहशील?” रस्ता ओलांडून गेलो इतकंच, येणं-जाणं होतंच. महिन्यातल्या एखाद्या रविवारी मी केळव्याला त्यांच्या घरी जेवायला असायचो. सुमनवहिनी ताटात मासळी वाढताना कधी विचारत नसत, आणि नको म्हटलं तर ऐकत नसत.

असाच एक रविवार. हरूभाऊंच्या लेझरची नळी गेली होती, नवी आली होती, आणि ती बसवायला त्यांनी मला बोलावलं. कारखाना बंद, खोलीत आम्ही दोघंच. काम नाजूक, एकाने नळी दोन्ही हातांनी सरळ धरायची आणि दुसऱ्याने तोंडाशी एक छोटी गोल काच बसवून स्क्रू आवळायचे. ही काच काय करते ते सांगायला हवं. त्या नळीतून एक नाही, दोन उजेड निघतात. जुळे म्हणा. तेज अगदी सारखं, पण लाटेच्या लांबीत सूतभरही नाही इतका फरक. काच एका जुळ्याला अडवते आणि दुसऱ्याला सोडते. कुठल्या जुळ्याला सोडायचं ते ठरलेलं असतं आणि म्हणून काचेच्या कडेला एक लाल ठिपका असतो. तो वर यायला हवा. पाव फेरा इकडे-तिकडे झाला तर भलताच जुळा बाहेर येतो, आणि दोघांचं तेज सारखं असल्यामुळे बघणाऱ्याला कशाचाच पत्ता लागत नाही.

ठिपक्याच्या जागी कडेला नखात येईल एवढी खाचही होती. मोकळ्या बोटाला ती लागली असती. माझ्या हातात मोजे. नळी हरूभाऊंनी धरलेली, मान वाकडी, त्यांना काचेचं तोंड दिसत नव्हतं. एक वाजून गेला होता. त्या दिवशी केळव्याला सरंगा मासा आणला होता हे त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं आणि मला भूक लागली होती. हे असं लिहिताना लाज वाटते, पण दुसरं कारणच नाही… नुसती भूक. मी काच दाबली, स्क्रू फिरवायला लागलो.

“ठिपका वर हाय ना?” हरूभाऊंनी विचारलं.

“हो, हो,” मी म्हणालो. बघितलं नव्हतं.

लेझर चालू केला, अर्ध्या तासात तो स्थिर झाल्याचा हिरवा दिवा लागला. आम्ही केळव्याला गेलो. सरंगा उत्तम होता.

पुढचे सात-आठ महिने सगळं सुरळीत. मग एका कारखान्याने मीटरभर लांबीचा एक पोलादी दांडा आधी त्यांच्याकडे मोजून घेतला आणि पुढे खात्रीसाठी माझ्याकडे पाठवला. आमच्या दोघांच्या आकड्यांत एका मायक्रॉनहून थोडा जास्त फरक आला. मायक्रॉन म्हणजे किती, तर डोक्याचा एक केस उभा चिरून त्याचे साठ-सत्तर भाग केले तर त्यातला एक. यंत्राच्या सुट्या भागाला याने काही होत नाही. पण ज्याच्यावरून दुसरी मापं तपासायची अशा दांड्यात हा फरक म्हणजे थट्टा नव्हे. मी रस्ता ओलांडून गेलो आणि म्हणालो, हरूभाऊ, तुमचा लेझर सरकला. ते म्हणाले, माजा नाय, तुजा. पुन्हा मोजलं, दांडा अदलाबदल केला, दोघांनी एकमेकांच्या खोल्यांत उभं राहून मोजलं. तेवढाच फरक, तेवढाच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं चार महिने चाललं. थट्टाही व्हायची; ते गेटवर दिसले की मी ओरडायचो, “काय हरूभाऊ, आज मीटर केवढा आहे?” आणि ते हातवारे करून सांगायचे, “तुज्यापेक्षा खरा हाय.” पण आतून दोघंही धास्तावलेले होतो. दोन लेझर शेजारी ठेवले की फरक कळतो. चुकलेला कोण, ते कळत नाही. ते कळायला तिसरा लागतो.

तो तिसरा आणायची खटपटही हरूभाऊंनीच केली. एका मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत असे लेझर होते की ज्यांच्यावरून बाकीच्यांची परीक्षा होते. हरूभाऊंनी अर्ज केले, आठवणी पाठवल्या, आणि सहा महिन्यांनी एक तरुण शास्त्रज्ञ दोन पेट्या घेऊन बोईसरला उतरला. हरूभाऊंची खोली जास्त शांत म्हणून परीक्षा तिथे ठरली. माझा लेझर मी गोधडीत गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून रस्ता ओलांडून नेला. दोन्हीकडचे मालक हजर. माझ्या मालकांच्या डोक्यात वेगळंच होतं: या भागासाठी मान्यताप्राप्त मापनखोली एकच होणार होती, आणि ती आपली व्हावी म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. झाली तर तिची सगळी सूत्रं माझ्याकडे. येताना ते मला म्हणाले होते, “आज खाली मान घालायला लावू नका.”

परीक्षेची रीत अशी. प्रयोगशाळेचा लेझर आणि तपासायचा लेझर, दोघांचे उजेड एका अर्ध्या आरशातून एकाच वाटेवर आणायचे आणि एका बारीक डोळ्यासारख्या यंत्रावर सोडायचे. भजनात दोन पेट्यांचे सूर जवळजवळ लागलेले असावेत पण पुरते एक नसावेत, मग कशी लाटेसारखी घरघर ऐकू येते? तसंच इथे होतं. फक्त ती घरघर कानाला ऐकू येत नाही, पडद्यावर रेघ म्हणून दिसते. रेघ कुठे उमटते त्यावरून फरक किती ते कळतं. कोण वर आणि कोण खाली, हे मात्र रेघ सांगत नाही. त्यासाठी एका लेझरला मुद्दाम जरासा ढकलून रेघ कुठल्या बाजूला पळते ते बघायचं. आधी माझा लेझर लागला. रेघ जिथे यायला हवी तिथे आली. मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग हरूभाऊंचा. मालगाडी जाईपर्यंत थांबलो. रेघ उमटली ती पार पडद्याच्या दुसऱ्या टोकाला.

शास्त्रज्ञाने आपल्या लेझरला जरासा ढकललं, रेघेकडे पाहिलं, वहीत काहीतरी मांडलं आणि अगदी सहज म्हणाला, “ये तो दूसरावाला निकल रहा है, राऊतजी. पोलरायझर घूमा हुआ होगा.”

पोलरायझर म्हणजे ती काच. त्या क्षणी मला आठवलं. रविवार, मोजे, सरंगा, ‘हो, हो’… सगळं एकदम. हरूभाऊंनी पेटी बंद केली, नळी निवायची वाट पाहिली. मग त्यांनी झाकण काढलं, भिंग लावून बघितलं. लाल ठिपका डावीकडे होता. त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं का? हा प्रश्न मी स्वतःला हजार वेळा विचारला असेल. पाहिलं असं मला वाटतं. रागाने नव्हे, नुसतं. एखादा आकडा दुसऱ्याने वाचायची वाट पाहावी तसं. माझ्या मालकांचा हात अजून माझ्या पाठीवर होता. मी पडद्याकडे बघत राहिलो.

“माजी चूक,” हरूभाऊ म्हणाले. “नळी बसवली तवा काच उलटी गेली.”

त्यांचे शेठ हुशार माणूस. शास्त्रज्ञ चहाला बाहेर गेल्यावर म्हणाले, “हात दाखवून अवलक्षण, राऊत. आता काच फिरवा आणि गप्प बसा. आधीचं कुणाला कळणार आहे?”

“काच फिरवतो,” हरूभाऊ म्हणाले. “गप बसायला नाय जमायचं.”

आणि नाहीच बसले. त्या रविवारपासून त्या दिवसापर्यंत ज्याच्या ज्याच्या मापावर त्यांची सही गेली होती त्या प्रत्येकाला त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं: अमुक दाखला रद्द समजावा, माझ्याकडून चूक झाली, माप पुन्हा मोजून देतो. शेठने पत्रं कारखान्याच्या टपालातून पाठवायला मनाई केली, तर ते स्कूटरवरून घरोघर निघाले. एकदा मीही मागे बसलो होतो, कशाला ते माहीत नाही. सोबत म्हणून म्हणा, शिक्षा म्हणून म्हणा. मासवणच्या वाटेवर एका लहानशा वर्कशॉपचा मालक, उत्तरेकडचा माणूस, पत्र हातात घेऊन हसला. “अरे राऊतसाब, मेरे काम में इतने से क्या फर्क पड़ता है?” हरूभाऊ म्हणाले, “नही पडता. लेकिन कागज पे मैंने लिखा है ना.” त्याने खांदे उडवले आणि जुना दाखला शोधून दिला. हरूभाऊंनी त्याच्यावर एक आडवी रेघ मारली, खाली सही केली, आणि आम्ही परत फिरलो. सबंध वाटेत ते भाताबद्दल बोलत होते. मी मागे बसून त्यांच्या सदऱ्याच्या पाठीकडे बघत होतो. नुसतं तोंड उघडायचं होतं. ऐकणारा एकच होता, तोही पाठमोरा. तेवढंही झालं नाही.

शेठने महिन्याभरात खोली दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि हरूभाऊंना स्टोअरला बसवलं, नटबोल्टांच्या खोक्यांमध्ये. मान्यता माझ्या खोलीला मिळाली. पेढे घेऊन गेलो तर त्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “सांभाळ रे वकिला.” बोईसरमध्ये मात्र ‘राऊतचा मीटर’ अशी म्हणच पडली, कुणाचं माप थोडं चुकलं, कपड्याचं असो की जमिनीचं, की लोक म्हणायचे, राऊतचा मीटर लावला काय? मी असताना कुणी म्हटलं तर मीही हसायचो. हसलो नसतो तर कुणी विचारलं असतं, तुला काय झालं म्हणून. चार वर्षांनी ते मुदतीआधीच निवृत्त होऊन वाडीत जाऊन बसले. मी पुढे इतर ठिकाणच्या मापनखोल्या तपासायला जाऊ लागलो, नव्या पोरांना मोजमापातल्या प्रामाणिकपणावर व्याख्यानं देऊ लागलो. चांगली देतो, लोक सांगतात.

हरूभाऊंनी मला कधीच विचारलं नाही. बाजारात भेटायचे, बोलायचे, चेष्टा करायचे. त्यांना तो ‘हो, हो’ आठवत होता की नाही, मला सांगता येणार नाही. आठवत नसावा, असं मी आठ वर्षं स्वतःला समजावलं. ज्या माणसाला दहा वर्षांपूर्वीचा दशांशाच्या चौथ्या घरातला आकडा आठवायचा, त्याच्याबद्दल.

त्यांचं सगळं उरकल्यावर, महिना उलटून गेल्यावर, एका दुपारी मी केळव्याला गेलो. सुमनवहिनी मागच्या पडवीत सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. मुलगा कामावर गेला होता. त्यांनी मला बसायला पाट सरकवला. मी या वेळी खाकरलो नाही, थांबलो नाही. जे वर लिहिलं आहे ते सगळं, मोज्यांसकट आणि सरंग्यासकट, त्यांना सांगितलं. म्हटलं, त्यांनी विचारलं होतं, ठिपका वर हाय ना. मी न बघताच हो म्हणालो. त्यांचा हात चालूच होता.

“मला म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या.

“हरूभाऊंनी सांगितलं?”

“ते कशाला सांगतील? त्यांनी कोनाचं नाव काडलं नाय.” त्यांनी सोललेली सुपारी टोपलीत टाकली. “तुमी त्या दिवसापासून आमच्याकडं जेवला नाय, भावजी. आठ वर्सांत एकदा पन नाय. घाई हाय, पोट बरं नाय, उपास हाय… यवडे उपास कोन करतो?”

मग त्यांनीच विचारलं, “तवा बोलला असता त तुमचं काय गेलं असतं?”

“ती जागा गेली असती. मान्यता गेली असती. कदाचित नोकरीही.”

“आन आता सांगितलं तर काय जाईल?”

मी विचार केला. पन्नाशी उलटली, घर झालं, पोरं मार्गी लागली. “आता काही नाही, वहिनी.”

“मंग आता फुकाट हाय,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

हा लेख मी नावानिशी छापायला दिला तो त्या एका वाक्यामुळे. पुरेसं नाही, हे मलाही कळतं.

आतल्या खोलीतल्या घड्याळात तीनचे ठोके पडले तशा वहिनी टोपली बाजूला ठेवून, पदराला हात पुसत उठल्या. मीही मागोमाग गेलो. हरूभाऊंची खोली. भिंतीला एक लांब थर्मामीटर आणि त्याच्या शेजारी खिळ्याला अडकवलेली वही. नोकरी सोडून वाडीत आल्यापासून ते घरी रोज तीन वाजता हवेचं तापमान लिहायचे, हे मला तेव्हा कळलं. मी पानं चाळली. त्यांचं बारीक, ताठ अक्षर त्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवसापर्यंत. तिथून पुढे मोठं, वळण नसलेलं अक्षर, एकही दिवस न चुकता. मी वहिनींकडे पाहिलं. “बंद कर म्हनून सांगितलं नाय त्यांनी,” त्या म्हणाल्या.

मग वही माझ्या हातातून घेऊन त्यांनी पेन उघडलं. “चस्मा पडवीत ऱ्हायला. बघा जरा, किती हाय.”

मी जवळ गेलो. वाकून, नीट, डोळे पाऱ्याच्या बरोबरीला आणून बघितलं, हरूभाऊंनी शिकवलं होतं तसं. “साडेअठ्ठावीस,” म्हणालो.

वहिनींनी पेन वहीवर टेकवलं, पण लिहिलं नाही. मग पडवीत गेल्या, चष्मा घालून परत आल्या, मला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः बघून मग आकडा लिहिला.